विद्युत्स्पर्श आणि वंगण : एका दुर्लक्षित व्यवहाराचा इतिहास

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागातील आष्टी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते १६ ऑगस्ट १९४२ रोजी तेथे झालेल्या उठावामुळे. परंतु त्याच आष्टीच्या परिसरातील एखाद्या संत्र्याच्या बागेत, विहिरीजवळच्या छपराखाली, एका वेगळ्या इतिहासाचे साधन भिंतीस लटकत असते. ते म्हणजे विजेच्या पंपाचा ‘ऑइल स्टार्टर’. लोखंडी पेटीत तेल भरलेले असते. त्या तेलात तांब्याचे स्पर्शक बुडालेले असतात. दांडी ओढली की ते परस्परांस भिडतात आणि पंप चालू होतो. या पेटीतील तेल विजेचे वाहक नसून उत्तम प्रतीचे निरोधक असते. तरीही त्यात बुडालेल्या धातूंमधून पंपाला लागणारा सारा विद्युत्प्रवाह निर्वेध वाहतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात नवल काहीच नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र येथेच एक प्रश्न उभा राहतो. निरोधक तेलात बुडूनही स्पर्श होत असेल, तर विजेच्या जोडांवर लावावयाचे वंगण ‘विद्युद्वाहक’ असले पाहिजे, हा समज कोठून आला, आणि त्याचे परिणाम काय झाले?

हा प्रश्न केवळ पदार्थविज्ञानाचा नव्हे. यंत्रविद्येचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी काय निर्माण केले व कोणत्या साली, याची नोंद होते. पण निर्माण झालेली वस्तू पुढे पन्नास वर्षे चालती कोणी ठेवली, कोणत्या द्रव्याने, कोणत्या ज्ञानाच्या आधारे, याची नोंद क्वचितच आढळते. स्पर्शकावरचे वंगण हा देखभालीच्या या अलिखित इतिहासाचा एक लहानसा, परंतु बोलका भाग आहे.

१

प्रथम स्पर्शाचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. दोन गुळगुळीत धातुपृष्ठे एकमेकांवर टेकविली, तर ती सर्वत्र टेकत नाहीत. सूक्ष्म दृष्टीने पाहता प्रत्येक पृष्ठ डोंगराळ मुलुखासारखे असते आणि दोन पृष्ठांची भेट केवळ काही शिखरांवरच होते. बर्लिन येथील सीमेन्सच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या राग्नार होल्म (१८७९–१९७०) यांनी या विषयाला शास्त्राचे रूप दिले. त्यांचा जर्मन ग्रंथ १९४१ मध्ये व इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. फिलिप बाउडन व डेव्हिड टेबर यांनीही १९३९ मध्ये हेच दाखविले होते, की प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्र दिसणाऱ्या क्षेत्राच्या मानाने अत्यल्प असते. ढोबळ हिशेबाने, तांब्याच्या दोन पृष्ठांवर एक किलोग्रॅमचा भार असेल, तर त्यांचा खरा स्पर्श एका चौरस मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढाच होतो. मग ती पृष्ठे नखाएवढी असोत वा तळहाताएवढी.

सर्व विद्युत्प्रवाहाला या अरुंद वाटांतून जावे लागते, म्हणून तेथे रोध उत्पन्न होतो. त्यातच धातूवर ऑक्साइडचा किंवा सल्फाइडचा थर चढला, म्हणजे उरलेल्या वाटाही बंद होऊ लागतात. रोध वाढला की उष्णता वाढते. उष्णता वाढली की थर अधिक वेगाने चढतो. या दुष्टचक्राची अखेर जळालेल्या जोडात होते.

या ठिकाणी वंगणाचे कार्य स्पष्ट होते. पुरेशा दाबाखाली धातूची शिखरे वंगणाचा पातळ थर बाजूस सारून एकमेकांस भिडतात. वंगण उरते ते शिखरांभोवतीच्या दऱ्यांत, आणि तेथे राहून ते हवा व ओल यांना अटकाव करते. म्हणजे वीज वाहून नेणे हे वंगणाचे काम नव्हे. जी शिखरे वीज नेतात त्यांचे रक्षण करणे हे त्याचे काम होय. आष्टीच्या स्टार्टरमधील तेलही हेच करते. त्याखेरीज, स्पर्शक दूर होताना जी ठिणगी उडते ती शमविण्याचे दुसरे कामही त्याच्याकडे असते.

२

हे तत्त्व ग्रंथरूपाने सांगितले जाण्यापूर्वी कित्येक दशके व्यवहारात दोन भिन्न परंपरा रूढ झाल्या होत्या. पहिली दुर्बल प्रवाहाची, म्हणजे तारायंत्राची व दूरध्वनीची. विल्यम ओ’शॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारायंत्राचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर या मार्गावर तार सुरू झाली आणि १८५५ मध्ये देशातील प्रमुख नगरांना जोडणारी तारसेवा सर्वसामान्यांस खुली झाली. तारायंत्राच्या प्रवाहग्राहकातील स्पर्शकांवरचा दाब फारच थोडा असतो. तेवढ्या दाबाने वंगणाचा थर फुटत नाही. म्हणून या परंपरेने वंगण वर्ज्य मानले, आणि ज्यावर सहसा गंज धरत नाही असा प्लॅटिनमसारखा मौल्यवान धातू टोकाशी बसवून ती टोके कोरडी व स्वच्छ ठेवण्याचा नियम पाळला.

या परंपरेचा एक अवशेष वर्धा जिल्ह्यातच जपून ठेवलेला आहे. महात्मा गांधी १९३६ पासून सेवाग्राम येथे राहू लागल्यावर त्यांच्याशी थेट बोलता यावे, या हेतूने व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी तेथे दूरध्वनी बसविला. आश्रमात आजही तो पाहावयास मिळतो. अभ्यागतांच्या मनात त्या यंत्राने राजकीय स्मृती जाग्या होतात. परंतु ते यंत्र चालत होते ते काही नाजूक स्पर्शांच्या निर्मळतेवर, हेही इतिहासाच्या दृष्टीने विसरण्यासारखे नाही.

दुर्बल स्पर्शाची ही चंचलता दोषच होती असेही नाही. एद्वार ब्रान्ली यांनी १८९० मध्ये दाखविले, की धातूच्या किसाचा मोठा रोध विद्युत्तरंगांच्या आघाताने एकाएकी उतरतो. जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये लोखंड व पारा यांच्या स्पर्शाचा असाच उपयोग करून दाखविला. बिनतारी संदेशवहनाचे आरंभीचे ग्राहक हे एका अर्थी ‘वाईट जोडा’वरच आधारलेले होते. यावरून एवढे निश्चित होते, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पर्श हा विषय गूढ असला, तरी त्याचे वर्तन कारागिरांच्या व संशोधकांच्या चांगले परिचयाचे झाले होते.

३

दुसरी परंपरा प्रबळ प्रवाहाची. तिचे वंगण खनिज तेलाच्या धंद्यातून आले. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये ज्या पदार्थाचे पेटंट अमेरिकेत घेतले, तो ‘व्हॅसलीन’ या नावाने औषधाच्या डबीतून घरोघरी गेला. पण त्याच डबीने वीजकामगाराच्या हत्यारांतही जागा मिळविली. शिसे व आम्ल यांच्या विद्युत्घटाच्या टोकांवर व्हॅसलीन चोपडण्याची रीत आजतागायत चालू आहे. मोटारगाडीची बॅटरी बसविणारा कारागीर आधी टोके घासतो, मग पट्टा घट्ट आवळतो आणि शेवटी वरून व्हॅसलीन लावतो. या क्रमातच सारे शास्त्र सामावलेले आहे : प्रथम स्वच्छता, मग दाब, आणि सर्वांत शेवटी वंगण.

मुंबईत विजेच्या ट्राम ७ मे १९०७ रोजी सुरू झाल्या आणि ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाल्या. विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर प्रथम धावली. ट्रामच्या नियंत्रकात तांब्याच्या पट्ट्या असलेले एक नळकांडे फिरत असे व तांब्याचीच बोटे तिच्यावर घासत असत. अशा घासणाऱ्या स्पर्शकांवर व्हॅसलीनचा अत्यंत पातळ हात फिरविणे हा जगभरच्या ट्रामच्या कारखान्यांत नित्याचा परिपाठ होता. येथे वंगणाने झीज कमी होई. ते अधिक लावले, तर धूळ व तांब्याचा कीस त्यात मिसळून निरोधकावरही वाहक चिखल पसरे. ‘थोडे लावावे’ हा नियम अशा रीतीने अनुभवातून आला. वंगण स्वतः वाहक बनणे, ही गोष्ट त्या कारागिरांच्या लेखी गुण नसून दोष होती, हे येथे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

४

वंगण आणि विद्युत्स्पर्श यांच्या संबंधाला खरे सार्वजनिक महत्त्व आले ते ॲल्युमिनियममुळे. १८८६ मध्ये चार्ल्स हॉल व पॉल एरू यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या विद्युत्पद्धतीने हा धातू स्वस्त झाला. तांब्याहून तो पुष्कळच हलका असल्याने, मधोमध पोलादी तारा असलेल्या ॲल्युमिनियमच्या वाहिन्या विसाव्या शतकाच्या आरंभापासून वापरात येऊ लागल्या. भारतात तांब्याची टंचाई आणि परकीय चलनाची ओढ होती. उलट ॲल्युमिनियमचे खनिज विपुल होते. अलुपुरम येथे १९४३ मध्ये, हिराकुड येथे १९५९ मध्ये व रेणुकूट येथे १९६२ मध्ये ॲल्युमिनियमचे उत्पादन सुरू झाले. खेड्यापाड्यांत वीज नेणाऱ्या वाहिन्या याच धातूच्या झाल्या.

विदर्भातील वीजव्यवस्थेची मालकी या काळात राज्यांच्या पुनर्रचनेबरोबर बदलत गेली. १९५६ पर्यंत हा प्रदेश मध्य प्रदेशात होता. नंतर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र स्थापन झाला आणि २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. १९६९ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र निगम स्थापिला. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन वितरण ‘महावितरण’कडे गेले. शासन बदलले, मंडळ बदलले. खांबावर चढणारा वायरमन मात्र राहिला.

या वायरमनपुढचा धातू अवघड होता. ॲल्युमिनियम घासून लख्ख केले, तरी हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ पण कठीण थर जवळजवळ तत्क्षणी चढतो, आणि हा थर निरोधक असतो. शिवाय ॲल्युमिनियम तांब्यास जोडले व त्यात पाणी शिरले, तर जोड एखाद्या लहानशा विद्युत्घटासारखा वागू लागतो आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. ‘डीपी’पाशी, म्हणजे रोहित्राच्या तांब्याच्या टोकांशी ॲल्युमिनियमच्या तारा जेथे येतात, तेथे हा धोका नेहमीचाच. यावरचा उपाय म्हणजे तारेवर आधी वंगण लावून, त्या वंगणाखालीच तारेच्या ब्रशाने घासणे, म्हणजे उघड्या पडलेल्या धातूला हवा लागतच नाही. त्यानंतर द्विधातूचा जोड घालून तो नीट आवळणे. काही वंगणांत जस्ताचे टोकदार कण मिसळलेले असतात. आवळताना ते कण ऑक्साइडचा थर फोडतात. अशा वंगणाला ‘वाहक’ म्हणण्याची प्रथा पडली. वस्तुतः तेथेही कणांचे मुख्य काम विजेची नौका होण्याचे नसून थर भेदण्याचे आहे.

हे न पाळल्याने काय होते, याचे उदाहरण अमेरिकेने दिले. १९६५ ते १९७३ या काळात तेथील असंख्य घरांत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा घालण्यात आल्या. तांब्याच्या तारांसाठी बनविलेल्या बटणांच्या व खोबण्यांच्या स्क्रूंखाली त्या सैल पडल्या, तापल्या आणि आगी लागल्या. १९७२ पूर्वीच्या अशा तारा असलेल्या घरांत एखादा तरी जोड आगीच्या धोक्यापर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांहून ५५ पट असते, असा निष्कर्ष तेथील ग्राहकसुरक्षा आयोगाने पुढे काढला. धातू तोच होता. खांबावर त्याच्याभोवती प्रशिक्षित हात, ठरलेला जोड व ठरलेले वंगण होते. घराच्या भिंतीत यांपैकी काहीच नव्हते.

५

‘विद्युद्वाहक ग्रीस’ हा पदार्थ या परंपरांचा उत्तराधिकारी होय. त्यात चांदी, तांबे, कर्ब किंवा ग्रॅफाइट यांचे कण असतात. विशिष्ट ठिकाणी त्याचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु कणांनी भरलेले असे ग्रीस झाले, तरी त्याचा रोध घन धातूच्या मानाने कितीतरी अधिक राहतो. दोन पृष्ठांमधील फट त्याने भरून निघेल व सैल जोड चांगला होईल, ही अपेक्षा म्हणूनच व्यर्थ ठरते.

ग्रॅफाइटचाच दाखला पाहता येईल. तो स्वभावतःच निसरडा आहे असा समज होता. दुसऱ्या महायुद्धात अतिशय उंचीवर उडणाऱ्या विमानांतील विद्युद्यंत्रांचे कर्बाचे ब्रश भराभर झिजून त्यांची भुकटी होऊ लागली. या समस्येचा माग घेताना रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले, की ग्रॅफाइटचा निसरडेपणा हवेतील पाण्याच्या वाफेवर अवलंबून असतो. उंचीवरील कोरड्या हवेत तो नाहीसा होतो. वंगण हे स्वयंपूर्ण औषध नसून धातू, दाब आणि हवा यांच्यासह एका व्यवस्थेचा भाग आहे, हे यावरून सिद्ध होते. १९६० नंतर मॉर्टन ॲन्टलर यांनी सोन्याचा मुलामा दिलेल्या स्पर्शकांच्या वंगणाचा सूक्ष्म अभ्यास केला. ज्या नाजूक यंत्रांत वंगण वर्ज्य होते, तेथेही योग्य द्रव्य योग्य प्रमाणात वापरता येते, हे त्यानंतर मान्य होत गेले. दोन जुन्या परंपरा अशा रीतीने प्रयोगशाळेत एकत्र आल्या.

६

प्रयोगशाळेतील हे ज्ञान व बाजारातील वस्तू यांच्यात मात्र अंतर पडले. त्याचे अगदी अलीकडचे उदाहरण ‘मेकॅनिकल’ ई-सिगारेटचे आहे. या साधनाचे कूळ विजेरीचे. १८९९ च्या सुमारास अमेरिकेत हातविजेरी बाजारात आली : एक नळी, तीत घट, एका टोकास स्प्रिंग, दुसऱ्या टोकास दिवा आणि मध्ये सरकते बटन. रात्री पाणी देण्यासाठी बागेत जाणारा आष्टीचा शेतकरी विजेरी पेटली नाही, की झाकण काढून स्प्रिंग घासतो, घट फिरवून बसवितो आणि झाकण आवळतो. स्वच्छता व दाब हे दोन नियम त्याला कोणी न शिकविता ठाऊक असतात. विजेरीत वंगणाची आठवण सहसा कोणास होत नाही. कारण तिचा प्रवाह अल्प असतो.

ई-सिगारेटचे आजचे रूप हान ली या चिनी औषधशास्त्रज्ञाने २००३ मध्ये घडविले. पुढे तिचा जो ‘मेकॅनिकल’ प्रकार निघाला, त्यात नियंत्रक मंडल नसते आणि सहसा वितळतारही नसते. नळी, घट, बटन व दिव्याच्या जागी तापणारी तार एवढेच असते. पण घट मात्र १९९१ पासून बाजारात आलेल्या लिथियम-आयन जातीचा. पूर्ण भरलेल्या अशा घटाचा दाब ४.२ व्होल्ट आणि तारेचा रोध ०.२ ओहम धरला, तर घटाचा आंतररोध वगळून प्रवाह २१ अँपिअर होतो. बटणाच्या मळकट स्पर्शात केवळ ०.०२ ओहम रोध असला, तरी तेथे सुमारे ७ वॅट उष्णता निर्माण होते. ०.३ अँपिअरवर चालणाऱ्या विजेरीत तेवढाच रोध जी उष्णता देईल, तिच्या ही चार हजार पट आहे. तापलेल्या बटणावर ‘वाहक’ ग्रीस लावण्याचा सल्ला वापरणाऱ्यांत का पसरला, हे यावरून समजते.

सल्ला पूर्णतः निराधार नव्हता. स्वच्छ केलेल्या आट्यांवर अगदी पातळ थर दिल्याने आटे अडकत नाहीत व गंजही रोखला जातो. परंतु ‘वाहक’ या शब्दाने दोन भ्रम उत्पन्न केले. जितके अधिक लावावे तितके अधिक चांगले, हा पहिला. आणि स्पर्श सुधारला म्हणजे साधन सुरक्षित झाले, हा दुसरा. त्यातील पहिला अधिक घातक. मधल्या खिळीभोवती निरोधकाचे जे बारीकसे कडे असते, त्यावर धातुकणांचे ग्रीस पसरले, तर तेथे आडवाट तयार होऊन ‘शॉर्ट’ होऊ शकते, आणि हा प्रवाह तोडणारे दुसरे काहीच त्या नळीत नसते. शिवाय बटन सुटताना उडणाऱ्या ठिणगीने ग्रीस जळून कर्ब साचतो, तो वेगळाच. ट्रामच्या कारागिराला ज्या वाहक चिखलाची भीती वाटे, तोच येथे डबीत भरून विकला गेला. दुसऱ्या भ्रमाबद्दल एवढेच म्हणावयाचे, की घटावरचा अतिरिक्त भार चांगल्या स्पर्शाने कमी होत नाही, उलट किंचित वाढतो.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील ई-सिगारेटच्या १९५ आगी व स्फोटांची नोंद आहे. त्यांत १३३ जणांस इजा झाली. या सर्व घटना मेकॅनिकल प्रकारच्या नव्हत्या, आणि त्यांचे कारण ग्रीस होते असेही नाही. लिथियम-आयन घट हाच त्यांच्या मुळाशी होता. नियंत्रण नसलेल्या नळीत असा घट घालणे म्हणजे काय, याचे गांभीर्य मात्र त्यावरून कळते. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेशाने व त्याच वर्षी डिसेंबरात कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री व साठवण यांवर बंदी घालण्यात आली. ती घालताना विचार होता तो आरोग्याचा व विशेषतः तरुणांच्या व्यसनाधीनतेचा. स्पर्शाचा प्रश्न कोणत्याही चर्चेत आला नाही, आणि तो येण्याचे कारणही नव्हते.

७

या सर्व वृत्तान्तातून एक गोष्ट निष्पन्न होते. वंगणाचा पदार्थ दीडशे वर्षांत फारसा पालटलेला नाही. पालटली ती त्याच्याभोवतीची व्यवस्था. तारखात्याने ते टाळले, ट्रामच्या कारखान्याने ते मोजून वापरले, वीजमंडळाच्या वायरमनने ते ब्रशाखाली घासले. या प्रत्येक ठिकाणी वंगणापूर्वीची व नंतरची कृती ठरलेली होती, आणि ती कृती एका पिढीकडून दुसरीकडे हातोहात जात होती. अमेरिकन घराच्या भिंतीत आणि मेकॅनिकल नळीत धातू व वीज पोहोचली, पण ती कृती पोहोचली नाही. नळीत तर तिची जागा डबीवरच्या एका विशेषणाने घेतली.

म्हणूनच देखभालीचा इतिहास हा गौण विषय मानता येत नाही. शोधाची तारीख ग्रंथांत सापडते. कृतीची परंपरा मात्र ती जाणणाऱ्या हातांबरोबर नाहीशी होते. विदर्भातील वीज मंडळाच्या पहिल्या पिढीतील वायरमन आता वृद्ध झाले आहेत. ॲल्युमिनियमचे जोड त्यांनी कसे बांधले, कोणते वंगण वापरले, पावसाळ्यापूर्वी डीपीवर काय पाहिले, आणि कोणत्या चुकीने कोणता जोड जळाला, हे त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवण्याचे काम आर्थिक व सामाजिक इतिहासाच्या विद्यार्थ्यांस सहज करता येण्याजोगे आहे. त्यासाठी दूरच्या दफ्तरखान्यात जाण्याची गरज नाही. आष्टीच्या बागेतील तेलात बुडालेला स्पर्शक हेही एक साधनच आहे. निरोधक तेलातून वीज जात नाही. धातू धातूला भिडतो म्हणून ती जाते, आणि तेल त्या भेटीची राखण करते, एवढे तो निःसंदिग्धपणे सांगतो.